जुनी मोटार घ्यायची, तर आधी उद्यमनगर पाहा

कोल्हापूरला जाणारा माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर एक फेरी मारतो, शाहूपुरीत गुळाचा भाव विचारतो आणि जमले तर चपलांचा एक जोड काखेत मारून परतीची एस.टी. धरतो. उद्यमनगर पाहायला मुद्दाम कोणी जात नाही. ज्याचे इंजिन बसले, तोच तिथे जातो. पण वाचकहो, तुमच्या घरात पहिली मोटार घेण्याचे बोलणे सुरू असेल आणि नव्या गाडीचा आकडा ऐकून ते बोलणे दर दिवाळीला पुढे ढकलले जात असेल, तर एक दिवस सवड काढा आणि उद्यमनगर पाहून या. सोबत घरच्या मालकिणीलाही न्या. का, ते पुढे सांगतो.

मोटार हा शेतकऱ्याच्या घरात आता केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. दारात एकच मोटारसायकल असते. तिच्यावर पुढे धाकटा, मागे मालकीण, तिच्या मांडीवर थोरली, अशी चौघांची वरात भर पावसात पै-पाहुण्यांकडे निघते. म्हाताऱ्या आईला रात्री छातीत दुखू लागले, की शेजारच्याचा दरवाजा वाजवावा लागतो. सुनेचे दिवस भरत आले, की रिक्षावाल्याचा फोन लागतो की नाही याचा घोर लागतो. अशा घराला जुनी, छोटी, पण धड मोटार मोठाच आधार देते. मात्र जुनी मोटार ही जुन्या बैलासारखीच असते. पारखून घेतली तर दहा वर्षे साथ देईल, नुसते रंगवलेले शिंग पाहून घेतली तर दावणीला बसून खाईल.

उद्यमनगरात काय आहे?

पुणे-बंगळूर रस्त्याने आलात, तर तावडे हॉटेलपाशी शहराकडे वळायचे. कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा दिसतो. तिथून राजारामपुरीकडे जाऊन पार्वती टॉकीज कुठे, असे विचारत निघालात, की ऐरणीवरच्या हातोड्याचे आवाज आणि जळक्या ऑइलचा वास तुम्हाला पुढची वाट दाखवतो.

ही पेठ इथेच का वाढली, त्याला कारण आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला आणि या गावाला यंत्राची ओळख होऊ लागली. पुढे नदीकाठी ऊस वाढला. नदीचे पाणी वर उचलायला ऑइल इंजिने आली, गुऱ्हाळाच्या चरकाला इंजिन लागले. ऐन हंगामात इंजिन बंद पडले, तर काहील थंड पडायची आणि तोडलेला ऊस वाळायचा. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत थांबणार कोण? मग इथल्याच मिस्त्रीने तो भाग ओतायचा, लेथवर कातायचा आणि बसवून द्यायचा. शेतकऱ्याच्या अडचणीतून हे कसब तयार झाले. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे मोठाले कारखाने आहेत; पण अडलेल्या माणसाला पाव्हणं म्हणून बसवून चहा पाजणारा मिस्त्री बघायचा, तर उद्यमनगरच गाठावे लागते.

इथे गाडीच्या एकेका अवयवाचा वैद्य वेगळा आहे. एक जण फक्त रेडिएटर उघडतो. दुसरा फक्त सिलिंडरचे बोअर करतो. कोणी क्रँक घासतो, कोणी पत्रा ठोकतो, कोणी वायरिंग ओढतो, कोणी सीटची कुशने शिवतो. एका गाडीमागे सहा-सात माणसांचे पोट चालते. म्हणून एका गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा हा सगळा खर्च नसतो, हे पहिल्या फेरीतच ध्यानात येते.

गाडी कोणती?

पहिल्या मोटारीसाठी आपल्याकडे अजूनही पुष्कळांची नजर मारुती ८०० वर जाते. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली गेली. तेव्हा किंमत होती सुमारे ४७,५०० रुपये. जानेवारी २०१४ मध्ये ही गाडी बनवणे थांबले. मधल्या तीस वर्षांत ती देशभर लाखोंनी विकली गेली. ७९६ सी.सी.चे तीन सिलिंडरचे इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंचांची चाके. गल्लीत वळते, गोठ्याच्या बाजूला मावते, शिकणाऱ्याला धाक वाटत नाही. २००० सालाच्या आसपासपर्यंतच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, पुढच्या एम.पी.एफ.आय. म्हणजे संगणकाने पेट्रोल सोडणाऱ्या. कार्ब्युरेटर गावचा मिस्त्रीही उघडू शकतो, एम.पी.एफ.आय. गाडी सकाळी पटकन चालू होते आणि धूर कमी सोडते. आज घ्यायची, तर नंतरची घेतलेली बरी.

त्या पहिल्या गाडीचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. हरपाल सिंग यांनी ती जन्मभर सांभाळली. २०१० मध्ये ते वारले आणि गाडी घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्य कचेरीत मांडून ठेवली. इतकी मानाची गाडी, पण उन्हापावसात उभी राहिली तशी गंजलीच.

आधी पत्रा

उद्यमनगरात मी एका पत्रेकाम करणाऱ्याच्या शेडमध्ये बसलो होतो. कागल बाजूचे एक शेतकरी जोडपे आपली नुकतीच ठरवलेली ८०० घेऊन आले होते. गाडी लालभडक, नव्या रंगाची. मालक खुशीत होते. मिस्त्रीने खिशातून लोहचुंबक काढले आणि दरवाजाखालच्या पट्टीवर टेकवले. ते चिकटले नाही, खाली पडले. पत्रा होताच कुठे? लांबी भरून वर रंग मारलेला.

मिस्त्री म्हणाला, ‘‘पाव्हणं, इंजिनचं काय न्हाई, पैका टाकला की नवं हुतंय. पर पत्र्यानं मान टाकली, की गाडी गेली म्हणायची.’’

हे वाक्य लिहून ठेवा. या गाडीला ट्रॅक्टरसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याचा सांगाडा हीच तिची चेसिस. म्हणून पाहायला जाल तेव्हा लोहचुंबक आणि बॅटरी बरोबर न्या. पायाखालचा गालिचा उचलून तळ बघा. बॉनेट उघडून बॅटरीखालची जागा बघा. तिथे ॲसिड सांडून पत्रा खातो. पुढचे शॉकॲब्सॉर्बर जिथे वर बसवलेले असतात, त्या दोन जागा बघा. तिथे भेग किंवा वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर चहा न घेता उठा. डिकीतले जादा चाक काढून त्याखाली पाणी साचते का, तेही बघा.

कोल्हापूर-सांगलीकडे आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पुष्कळ मोटारी बुडाल्या. धुऊन-पुसून त्यांतल्या काही बाजारात येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाची रेघ लपत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचे वायरिंग कधी दगा देईल, ते सांगता येत नाही.

ते जोडपे त्याच दिवशी गाडी परत करायला निघाले. सुदैवाने इसार थोडाच दिला होता. मालकीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, ‘‘अहो, रंगाचं मागनं बघूया की. आधी हाडं तरी धड बघू.’’ घरच्या मालकिणीला बरोबर न्या म्हणालो, ते यासाठी. पुरुषाची नजर रंगावर आणि म्युझिकवर जाते. दूध डेअरीच्या बिलातून पै-पै साठवलेली बाई बरोबर असली, की गालिचा उचलला जातो.

मग कागद

इसार देण्याआधी कागद पाहावेत. आर.सी. बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरवून घ्या. थकलेले दंड आणि विम्याची मुदत मोबाइलवर एम-परिवहनमध्ये पाहता येते. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.ची असेल, तर तिथला ना हरकत दाखला लागतो. नाव बदलायला नमुना २९ आणि ३० लागतात. नाव तुमच्यावर होत नाही, तोवर अपघात झाला तर जुन्या मालकालाही घोर आणि तुम्हालाही.

खासगी मोटारीची नोंद १५ वर्षांची असते. त्यापुढे गाडी दाखवून, पासिंग करून पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. शिवाय आपल्या राज्यात जुन्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीलाही नव्या पद्धतीची सुरक्षित नंबरपाटी बसवावी लागते. स्वस्तात मिळालेल्या गाडीच्या किमतीत हे सारे धरा, मग ती स्वस्त आहे का ते ठरवा.

पैशाचे तीन वाटे

आता गाडी घेतली, पत्रा धड आहे, कागद साफ आहेत. दुरुस्तीला हाताशी जे पैसे असतील, ते कसे वाटायचे? उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींकडे ऐकलेला क्रम असा : पहिला पैसा थांबण्यासाठी, दुसरा धावण्यासाठी, उरला तर दिसण्यासाठी. बहुतेक घरी नेमके उलट होते. आधी रंग, मग म्युझिक, मग सीट कव्हर आणि ब्रेकची पाळी येईपर्यंत पाकीट रिकामे.

थांबण्यासाठी म्हणजे ब्रेक, टायर, सुकाणू आणि दिवे. मास्टर सिलिंडर आणि चाकातले सिलिंडर गळत असतील, तर बदला. पुढचे पॅड, मागचे लायनर बघा. रबरी ब्रेक पाइप जुने असतील, तर तडा दिसण्याची वाट पाहू नका. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. टायरवर लांबट चौकटीत चार आकडी खूण असते. तिच्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी दहा वर्षांचे टायर टाकून द्या. रबर वाळून लाकूड झालेले असते. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असा नियमही आहे. दिव्यांना ६०/५५ वॅटचा बल्ब पुरतो. वीज थेट बॅटरीकडून रिले लावून दिली, तर तोच बल्ब लख्ख उजळतो. शंभर वॅटचा बल्ब घातला, तर होल्डर वितळतो आणि समोरून येणारा बैलगाडीवाला आंधळा होतो.

धावण्यासाठी म्हणजे इंजिन. सकाळी, इंजिन गार असताना ते चालू करून बघा. निळा धूर निघाला, तर ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय धरा. ऑइलच्या पट्टीवर दुधावरच्या सायीसारखे काही दिसले, तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. ते कमी पण सारखे असेल, तर इंजिन नुसते म्हातारे झाले आहे. एकातच कमी असेल, तर तिथे काही बिघडले आहे. बोअर झिजला असेल, तर लेथवाला तो कातून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवतो आणि गाडी पुन्हा तरणी होते. टायमिंगचा दातेरी पट्टा रबराचा असतो. तो कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर पहिल्याच आठवड्यात नवा टाका.

दोन गोष्टी खास आपल्या शेतकऱ्यांसाठी. बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. ठिबकच्या नळ्यांत जो क्षार साचतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत साचतो आणि मग घाटात गाडी उकळते. कूलंट आणि शुद्ध केलेले पाणीच घाला. दुसरी गोष्ट इंधनाची. २०२५ पासून पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही तुमच्या-आमच्या उसातूनच गेलेले! पण जुन्या गाडीचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलचे पाइप, पंपातला पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटे फुगतात किंवा चिरतात आणि पेट्रोल ठिबकते. गरम इंजिनावर ठिबकलेले पेट्रोल म्हणजे आग. म्हणून हे रबर इथेनॉलला टिकणारे घ्या आणि गाडी महिनोन् महिने उभी करून ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढते आणि टाकी आतून गंजते.

सुधारणा कोणती, खेळ कोणता?

जुन्या गाडीत सुधारणा जरूर करावी. मागच्या सीटला पट्टे नसतील, तर बसवून घ्या. जुन्या नमुन्याच्या ब्रेकला बूस्टर नसेल, तर जाणत्या मिस्त्रीला विचारा. पण रुंद चाके घालून पत्रा कापणे, गाडी खाली बसवणे, असे खेळ करू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेला मूळ नमुना बदलता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. पुढे लोखंडी गार्ड लावायलाही डिसेंबर २०१७ पासून मनाई आहे. रंग बदलायचा, तर आर.सी.वर नोंद हवी. गॅसचे किट बसवायचे, तर मान्यतेचे आणि नोंद करूनच. स्वयंपाकाचे सिलिंडर मोटारीला जोडणारे महाभाग गावोगाव आहेत. त्यांच्या गाडीत लेकराला बसवू नका.

आणि एक गोष्ट उघड सांगायला हवी. ८०० ला एअरबॅग नाही, पत्रा पातळ आहे. नव्या गाडीइतकी ती धक्का सोसणार नाही, कितीही पैसे घातले तरी. म्हणून ती तालुक्याच्या गावाची, दवाखान्याची, पाहुण्यांची गाडी. हमरस्त्यावर शंभराच्या वेगाने पळवायची ती गाडी नव्हे. चार-पाच माणसे बसावीत, लग्नाला नऊ कोंबू नयेत.

परीक्षा पन्हाळ्याची

गाडी तयार झाली, की कोल्हापूरकर तिला पन्हाळ्याला नेतात. अंतर वीस किलोमीटरच्या आसपास, पण परीक्षा पुरी होते. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला, की दोन्ही बाजूंना उसाचे मळे. हा रस्ता सपाट आहे. इथे मागेपुढे कोणी नाही असे पाहून, हळू वेगात ब्रेक दाबून बघा. गाडी एका बाजूला ओढते का? स्टिअरिंग थरथरते का? केर्लीला जोतिबाचा फाटा लागतो. पुढे चढ सुरू होतो आणि वाघबीळला पन्हाळ्याचा रस्ता फुटतो. इथून काट्याकडे लक्ष ठेवा. गरमीचा काटा मध्याच्या वर चढत गेला, तर रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा पंखा यांपैकी कोणाचे तरी काम राहिले आहे. इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेट गेली.

वर पोचलात, की गाडी गार होऊ द्या. तोवर घरच्यांना तीन दरवाजा आणि अंबरखाना दाखवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे. शिवाजी महाराज १६६० साली याच गडाच्या वेढ्यातून रात्री निसटले. धान्याची ती अंबरखान्याची दगडी कोठारे पाहून शेतकऱ्याच्या मनात जे येईल, ते सांगायला नकोच.

खरी परीक्षा मात्र उतरताना. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रल करून उतार उतरण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती आजच सोडा. इंजिन बंद केले, की बूस्टरची ओढ जाते आणि ब्रेक दगडासारखा होतो. शिवाय नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर लायनर तापून पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक थोडा-थोडा दाबत या. खाली आल्यावर चाकाजवळ हात नेऊन बघा, लावू मात्र नका. एकच चाक जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक अडकतो आहे. उद्या पुन्हा उद्यमनगर.

एवढ्या परीक्षेला उतरलेली गाडी मग खुशाल रंगवा. गावी नेलीत, की नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा, घरच्या लेकी-सुनांना चालवायला शिकवा आणि लायसन काढून द्या. रात्री-अपरात्री मालक घरी नसतानाच गाडीची गरज पडते. डिकीत जादा चाक, जॅक, पाना आणि फॅनबेल्ट ठेवा. देव्हाऱ्याजवळच्या कॅलेंडरवर ऑइल बदलल्याची आणि ब्रेक तपासल्याची तारीख लिहीत जा. गाईच्या लसीची तारीख जशी लिहिता, तशीच.